काढताना सोळा, बसवताना सतरा

दिवस: रविवार, २२ ऑक्टोबर २०२३. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, तिसऱ्या दिवशी दसरा.
स्थळ: निपाणी, आमच्या घरामागचं पत्र्याचं शेड.
हजर: मी (सुमन, वय ५२, एका कॉलेजच्या ऑफिसात सुपरिंटेंडेंट), अण्णा (माझा थोरला भाऊ, निवृत्त शिक्षक), आई (वय ७९), बापू मिस्त्री (शेजारी, दोन्ही गुडघे गेलेले, म्हणून खुर्चीवर).
गैरहजर: आप्पा, म्हणजे आमचे वडील. दोन वर्षांपूर्वी वारले.

हजेरी आधी दिली, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, तिथे आणखी कोणीतरी असणार. नव्हतं. शेडला एकच दार आहे आणि त्या दारात बापू मिस्त्रींची खुर्ची होती.

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. खरं सांगते, प्रत्येक अनुभव वाचून माझ्या मनात एकच वाक्य येतं – मोजायला चुकले असतील. पावलं मोजायला चुकले, माणसं मोजायला चुकले, नाहीतर वाजले किती ते बघायला चुकले. ऑफिसात बत्तीस वर्षं काढल्यावर माणसाचा भुताखेतांवर विश्वास राहत नाही. हरवलेली प्रत्येक फाइल शेवटी कुणाच्या तरी टेबलाखालीच सापडते. त्यामुळे हे मी लिहावं याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय.

तर, गाडी. आप्पांची पांढरी, वीस वर्षं जुनी. आप्पा तंबाखूच्या वखारीत सुपरवायझर होते, पण रविवारी हमखास गाडीच्या खाली असत. त्यांचा शेवटचा प्रवास कणकुंबीचा. येताना जांबोटीच्या अलीकडे रस्त्यातला एक दगड खालून लागला आणि चेंबर चेपला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाला बोल्टांनी बसवलेलं, तेल साठवणारं पसरट पातेलं. ठिबकत ठिबकत गाडी घरी आली. "पुढच्या रविवारी काढतो," म्हणाले. पुढचा रविवार त्यांना मिळाला नाही. दोन वर्षं गाडी शेडमध्ये उभी, आणि तिच्याखाली आईने ठेवलेलं एक घमेलं.

आता एवढी घाई का, ते सांगते. कणकुंबीला आईची थोरली बहीण असते, काशीमावशी, वय ८४. लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी दर दसऱ्याला एकमेकींच्या हातात सोनं देत आल्या – म्हणजे आपट्याची पानं. आप्पा गेले, मावशी न्हाणीत पडली, तिचं हिंडणं-फिरणं थांबलं. दोन दसरे चुकले. आदल्या वर्षी मी दोघींना व्हिडिओ कॉल लावून दिला. दोघींनी कॅमेऱ्यासमोर पानं धरली. मावशी म्हणाली, "पुढच्या वर्षी पान हातात दे गं. फोनातलं सोनं खोटं." आणि मग, थोडं थांबून, "मी असले तर."

त्या 'असले तर'ने आईची झोप उडवली होती.

दुसऱ्या गाडीने का गेलो नाही? प्रश्न रास्त आहे. आईला आप्पांची गाडी सोडून दुसऱ्या कुठल्याही वाहनात उलटी होते. एसटी झाली, जीप झाली, चुलतभावाची नवी कोरी गाडी झाली. संकेश्वर यायच्या आत. चुलतभाऊ अजून आमच्याशी जरा तुटकच बोलतो. आणि निपाणीतल्या सगळ्या गॅरेजवाल्यांचं उत्तर एकच, "दसऱ्यानंतर बघू, मॅडम."

म्हणून मीच करायचं ठरवलं. लहानपणी आप्पांच्या हाताखाली पाने देण्याचं काम माझ्याकडेच असायचं. कुठल्या नंबरचा पाना कुठे, हे मला तोंडपाठ होतं. अण्णाला तेव्हाही ग्रीसची किळस होती.

मी यादी केली. बावीस मुद्दे. शनिवारी पहिले नऊ झाले: गाडीचं तोंड जॅकवर उचलणे, खाली लोखंडी घोडी लावणे, जुनं तेल काढणे, चेंबर सोडवणे, वगैरे. बोल्टांची मिसळामिसळ होऊ नये म्हणून साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढला, कडेने भोकं पाडली, नंबर घातले आणि जो बोल्ट जिथून निघाला तो पुठ्ठ्यावर त्याच जागी खोचला. सोळा बोल्ट. मोबाइलवर फोटो काढला. फोटोतही सोळा. चेंबर निघाल्यावर वरून तेलाचे थेंब चष्म्यावर पडायला लागले, म्हणून आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा वर खोचून दिला. संध्याकाळी चेंबर हायवेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून आणला.

रविवारी सकाळी नऊला सुरुवात. मी आप्पांचा जुना शर्ट आणि पँट घालून गाडीखाली. बापू मिस्त्री खुर्चीवर, लुंगी आणि बनियनमध्ये. अण्णा पाने द्यायला, हातात रबरी मोजे घालून.

"आक्का, पेस्ट सारखी लावा. लई नको, कमी नको," बापू म्हणाले. चेंबरच्या कडेला लावायची ती पेस्ट वाळली की रबरासारखी होते आणि तेल गळत नाही. पण ती वाळायला रात्र जावी लागते.

आईचं वेळापत्रक वेगळंच होतं. "दिवेलागणीला सगळी हत्यारं धुऊन माझ्या हातात. उद्या खंडेनवमी. एकदा पूजेला बसली की परवा सीमोल्लंघनापर्यंत पान्याला हात लावायचा न्हाय."

"मग तेल कधी ओतायचं?" अण्णाने विचारलं. "ते उद्याच होणार. पेस्ट वाळल्यावर."

आईने क्षणभर विचार केला. "तेलाचं झाकण कशानं उघडतंय?"

"हातानं," मी गाडीखालून.

"मग चालतंय. समईत बी तेल घालतोच की सणाला."

धर्मशास्त्राचा प्रश्न सुटला. मी बोल्ट लावायला घेतले – एक इकडचा, एक समोरचा, आळीपाळीने. आप्पा म्हणायचे, मनगटाच्या जोराने आवळायचं, खांद्याच्या नाही. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टाचं डोकं पुसून त्यावर ऑफिसातल्या व्हाइटनरचा एक ठिपका. म्हणजे कुठला राहिला, कुठला झाला, गोंधळ नको. सोळा बोल्ट, सोळा ठिपके. साडेदहा वाजता मी बाहेर सरकले, पाठ चोळली आणि यादीवर टिक करायला पेन उचललं.

पुठ्ठ्यावर नऊ नंबरच्या भोकात एक बोल्ट होता.

"अण्णा, हा कुठला?"

"मला काय माहीत. तू म्हणशील तो नंबर देतोय."

मी परत खाली गेले. टॉर्च लावून ठिपके मोजले. सोळा. नऊ नंबरची जागा बघितली. बोल्ट होता, ठिपक्यासकट. बाहेर आले. पुठ्ठ्यावरचा बोल्ट तोच, त्याच मापाचा, बिनठिपक्याचा. फोटो उघडला. सोळा.

"बापू, तुमच्या खिशातून पडला का?"

बापूंनी बनियनकडे बघितलं, लुंगीकडे बघितलं. "आक्का, मला खिसाच न्हाय."

"मोजायला चुकली असशील," अण्णा म्हणाला.

ते वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आले. ऐकायला कसं लागतं ते पहिल्यांदा कळलं.

बापू समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, काम केल्यावर एखादा नट उरतोच. कमी पडला तर वाईट, उरला तर फायदा. चाळीस वर्षांत माझ्याकडं डबाभर जमल्यात."

"आप्पांचा एकही उरला नाही कधी," मी म्हटलं. "उरला, तर ते परत उघडायचे."

"व्हय. म्हणून त्यांची गाडी दोन रविवार बंद असायची."

मी ऐकलं नाही. चेंबर परत सोडवायचा ठरवला. आईला बोलावलं आणि जास्तीचा बोल्ट तिच्या हवाली केला, म्हणजे भानगड नको. तिने पदराला गाठ मारून तो बांधला. गाठ कशी, तर आईची – जी सोडवायला दात लागतात. ती स्वयंपाकघरात गेली. मी सोळा बोल्ट काढले, सगळे ठिपकेवाले, पुठ्ठ्यावर आपापल्या जागी खोचले. पुठ्ठा भरला. नवा फोटो. सोळा. कडा खरवडल्या, ट्यूबमध्ये उरलेली सगळी पेस्ट लावली, चेंबर परत वर चढवला. या वेळी प्रत्येक बोल्ट घेताना अण्णाने नंबर मोठ्याने वाचला आणि बापूंनी "हां" म्हटलं. वर्गात हजेरी घेतल्यासारखं. सोळा "हां" झाले.

दीड वाजता बाहेर आले. पुठ्ठ्यावर नऊ नंबरच्या भोकात एक बोल्ट. बिनठिपक्याचा.

अण्णाने मोजे काढले आणि खुर्ची नसल्यामुळे उलट्या बादलीवर बसला.

आई आली. गाठ तशीच होती, घट्ट. तिने दाताने सोडवली. आत काही नव्हतं.

"पडला असेल कुठं तरी," बापू म्हणाले, पण आता त्यांनी पाय खुर्चीवर घेतले होते.

"गाठ न सुटता पडंल?" आई म्हणाली. आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजी आणायची राहिली असं सांगावं तसं, "हे तुझ्या आप्पांचं काम हाय."

"आप्पांना काय हवंय मग?" अण्णा वैतागला. "सरळ सांगावं की. सतरावा बोल्ट कशाला?"

"त्यांनी सरळ कधी सांगितलंय?" आई म्हणाली. यावर मात्र आमचं सगळ्यांचं एकमत होतं.

आता खरी अडचण. पेस्ट संपली होती. परत उघडायचं, तर नवी ट्यूब हवी, आणि रविवारी दुपारी निपाणीतली स्पेअर पार्ट्सची दुकानं बंद. उघडायचं नाही, तर काम झालेलंच होतं – सोळा भोकं, सोळा बोल्ट. हत्यारं धुवायची, उद्या तेल, परवा कणकुंबी. उघडल्यावर पेस्ट मिळाली नाही, तर चेंबर जमिनीवर, हत्यारं देव्हाऱ्यात आणि मावशी कणकुंबीत.

"सुमे, उघडू नकोस," अण्णा म्हणाला. "इंजिनाला मोजता येत न्हाय. ते तुलाच येतंय. तुझ्या हट्टापायी आईचा तिसरा दसरा जाईल."

ते बरोबर होतं. मी आईकडे बघितलं. ती काहीच बोलली नाही, पदराची चुरगळलेली गाठ सरळ करत राहिली. तिने 'असू दे' म्हटलं असतं तर मी थांबले असते. कदाचित म्हणूनच ती बोलली नाही... नक्की माहीत नाही.

पाना हातात घेऊन उभी असताना मला आप्पांशी झालेलं एक जुनं भांडण आठवलं. मी कॉलेजात असताना त्यांच्या कामांची यादी करून द्यायचे आणि ते ती वाचत नसत. एकदा मी चिडले, तेव्हा म्हणाले होते, "यादीत हाय ते तू बघशीलच गं. यादीत न्हाय ते कोण बघणार?" मला ते बेशिस्त माणसाचं समर्थन वाटलं होतं. काम झाल्यावर, झाकायच्या आधी, ते नेहमी एक हात आत घालून सगळीकडून फिरवत. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

"अण्णा, स्कूटर काढ," मी म्हटलं. "कोगनोळी नाक्याजवळ हायवेला एक दुकान आहे, ते उघडं असेल."

"आणि नसलं तर?"

"तर पुढे कागलला जा."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं तो गणितात नापास झालेल्या मुलाकडे बघत असावा. पण गेला. बोल्ट मी या वेळी आप्पांच्या शर्टाच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि गाडीखाली शिरले.

सोळा बोल्ट निघाले. चेंबर बाजूला केला. यादी बाहेरच ठेवली होती. टॉर्च बंद केला, डोळे मिटले आणि हात वर घालून फिरवायला लागले. लोखंड, लोखंड, एक गार नळी, परत लोखंड. आणि मग काहीतरी मऊ.

ओढलं. येईना. परत ओढलं, तेव्हा फटकन तोंडावर आलं. काळं, तेलाने निथळणारं. बाहेर आणून उजेडात पिळलं, तेव्हा कुठे हिरवा काठ दिसला.

शनिवारी चष्म्यावर थेंब पडत होते म्हणून मीच वर खोचलेला लुगड्याचा तुकडा. बोल्ट मोजले होते, वॉशर मोजले होते, पाने मोजले होते. चिंधी यादीत नव्हती. दोनदा मी ती आत ठेवूनच चेंबर बसवला आणि दोनदा यादीवर टिक करायला निघाले.

बापू मिस्त्रींनी चिंधी बघितली आणि पाय खुर्चीवरून खाली सोडले. मग म्हणाले, "तेल खेचायच्या जाळीवर बसलं असतं हे. लगेच कळलं नसतं. जांबोटीच्या पुढं रानात इंजिन जाम होऊन धरलं असतं." तिथे फोनला रेंज नसते. गाडीत आई असती.

"माझं हिरवं लुगडं," आई म्हणाली. "चांगलं होतं अजून. कुणी फाडलं?"

अण्णा साडेचारला ट्यूब घेऊन आला. कोगनोळीचं दुकान बंदच होतं, कागलला जावं लागलं, एका ट्यूबसाठी कर्नाटक ओलांडून महाराष्ट्रात गेलो, हे त्याने तीनदा सांगितलं. चिंधी दाखवल्यावर चौथ्यांदा सांगायचं थांबला. तिसऱ्यांदा पेस्ट, तिसऱ्यांदा चेंबर, नंबर वाचणं, "हां". पावणेसहाला मी बाहेर सरकले आणि आधी पुठ्ठ्याकडे बघितलंच नाही. तिघांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"न्हाय," बापू म्हणाले. "मोकळा हाय."

सोळा भोकं, सगळी रिकामी. परत खाली जाऊन मोजलं – सोळा ठिपके. मग खिशाचं बटण काढलं. बोल्ट होता. मी तो तळहातावर घेतला आणि अण्णाला दाखवला, कारण माझ्या एकटीच्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता.

त्याच्या डोक्यावर व्हाइटनरचा ठिपका होता.

व्हाइटनरची बाटली सकाळी साडेदहापासून झाकण लावून माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स घरात. मी तो ठिपका दिलेला नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, "मी काय मिस्त्री हाय व्हय?" बापूंना विचारलं, तर ते काठी घेऊन निघालेच होते. एरवी शेड ते त्यांचं घर त्यांना दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी बरीच कमी लागली.

खंडेनवमीला पूजा झाली, दुपारी हाताने झाकण उघडून तेल ओतलं. संध्याकाळी अण्णाने किल्ली फिरवली. दोन वर्षांनी पहिल्यांदा इंजिनाचा आवाज आला तेव्हा आई दारात उभी होती, आत निघून गेली. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर सकाळपर्यंत एक थेंब नाही.

दसऱ्याला पहाटे निघालो. संकेश्वर गेलं, बेळगाव गेलं, आई मजेत खिडकीशी. कणकुंबीला मावशी अंगणात खुर्ची टाकून बसली होती. आईने पानं तिच्या हातात ठेवली. मावशीने ती बराच वेळ मुठीत धरली आणि म्हणाली, "उशीर केलास."

"गाडीचा चेंबर बसवायचा होता, आक्का."

"दोन वरसं बसवत होतीस व्हय?"

तर, हे असं आहे. मी माझ्या परीने तपास केला आहे. बापूंनी बोल्ट तपासला – आटे, लांबी, सगळं बाकीच्या सोळांसारखं. बेळगावच्या एका जुन्या पार्टवाल्याला विचारलं. म्हणाला, त्या मॉडेलच्या चेंबरला सोळाच असतात, सतराव्याला जागाच नाही. गाडीवर कुठे असा बोल्ट कमी आहे का, ते मी दोन रविवार टॉर्च घेऊन बघितलं. नाही. पदराची गाठ, ठिपका, नऊ नंबरचं भोक – कशाचंच उत्तर मिळालं नाही. आई म्हणते, देव्हाऱ्यात ठेव. मी म्हणते, तो देव नाही, स्पेअर पार्ट आहे. तोवर तो गाडीच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि वळणावर खुळखुळतो.

यादी मी अजून जपून ठेवली आहे. तेविसावा मुद्दा नंतर वाढवला: चिंध्या, आत किती, बाहेर किती. त्यावर टिक आहे. चोविसावा: झाकण्याआधी हात फिरवणे. त्यावरही आहे.

पंचविसावा: बोल्ट नं. १७, जागा शोधणे. तो अजून तसाच आहे.